टँकर म्हणायचं नाही

९ मार्च

...आणि म्हणूनच मला नान्नांचं म्हणणं पटत नाही. आम्ही खोटं बोलत नाही. खोटं पकडलं जातं, आणि पकडलं गेलं की क्लायंट जातो, इतकं साधं आहे ते. आम्ही फक्त शब्द निवडतो. काल जेवताना हे मी परत परत सांगत होते. नान्नांनी शांतपणे डाळीचा पप्पू भातात कालवला आणि विचारलं, "आणि निवडून झाल्यावर जे शब्द उरतात, त्यांचं काय करता?" मग लोणचं मागितलं.

नान्ना म्हणजे माझे वडील, आयुष्यभर वीज मंडळात होते. त्यांच्याकडे करंट गेला की "करंट गेला" म्हणायचे. त्यांना आमचं काम कळणं अवघडच आहे.

आमचे बॉस देवनाथन सर म्हणतात, काहीही लिहिताना समोर अनोळखी माणूस बसून वाचतोय असं धरून लिहायचं. सर पूर्वी चेन्नईला पत्रकार होते, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजू माहीत आहेत. म्हणून मी दैनंदिनीसुद्धा तशीच लिहिते. तर वाचणाऱ्या, नमस्कार. मी हिमबिंदू. हैदराबादला एका पीआर कंपनीत आहे. कंपन्यांचं नाव लोकांत चांगलं राहावं हे आमचं काम. ज्यांचं नाव आधीच चांगलं आहे ते आमच्याकडे येत नाहीत.

नवा क्लायंट आलाय, निर्विन लॅब्ज. अँटिबायोटिक बनवतात. कारखाना शहराबाहेर, चिंतलबावी गावाला लागून. गावातल्या बोअरना पिवळं पाणी येतंय आणि गाव म्हणतंय कारखान्यामुळे. पाण्याचे नमुने तपासायला गेलेत, अहवाल यायचाय. तो बरेच महिने यायचाय.

अडचण अशी आहे. गावाला टँकरने पाणी द्यावं तर कंपनीचे वकील म्हणतात, टँकर दिला म्हणजे चूक कबूल केली. न द्यावा तर पेपरात रिकाम्या हंड्यांचे फोटो येतात. म्हणजे टँकर न देता पाणी द्यायचंय. सरांनी हे मला एकटीला सोडवायला दिलंय. नोकरीला लागून वर्षही झालं नाही.

१३ मार्च

चिंतलबावीला जाऊन आले. बरोबर रंगनायकुलु गारू, म्हणजे रंगनायकुलु साहेब होते, कारखान्याचं ऑफिस तेच सांभाळतात. पांढरा शर्ट, हातात कायम पाण्याची बाटली, रिटायर व्हायला आलेत. वाटेत त्यांनी मला कारखान्याची बाग दाखवली. कारखाना नाही दाखवला.

गावातल्या अंगणवाडीत सुगुणा टीचर भेटल्या. त्यांनी स्टीलच्या ग्लासात पाणी आणून दिलं. रंगनायकुलु गारू म्हणाले, माझा अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, मी माझंच पाणी पितो.

"आमचाही चालूच आहे की, सर," टीचर म्हणाल्या. "तुम्ही गोळीतून घेता, आम्ही ग्लासातून."

टीचरना विनोदबुद्धी आहे. कॅमेऱ्यासमोर छान बोलतील असं मी टिपून ठेवलंय. मी ग्लास हातात घेतला आणि फोटो काढून होईपर्यंत धरून ठेवला. मुलं गोड होती, पण सारखी हात खाजवत होती. प्रत्येकाच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ. टीचर म्हणाल्या, याच पाण्याने हात धुतात, याच पाण्यात भात शिजतो, दुसरं आणू कुठून?

१५ मार्च

सुचलं!

आंघोळ करताना सुचलं. चलिवेंद्रम.

उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी ताडपत्र्यांचा मांडव घालून, माठांना ओलं लाल कापड गुंडाळून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजतंच. सोनार घालतो, बँक घालते, पुढारी घालतात. का घातलं म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. पुण्याचं काम आहे. मग निर्विन लॅब्जने चिंतलबावीत चलिवेंद्रम घातलं तर? चांगल्या पाण्याचा टँकर कारखान्यातूनच येईल, पहाटे मांडवामागे माठ भरून निघून जाईल. पाणी टँकरचंच, पण आता ती कबुली नाही, तो धर्म आहे.

मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर सर उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "बिंदू, आजपासून तू या धंद्यात आलीस." वकिलांनी फोनवरच होकार दिला. म्हणाले, पुण्याला कारण लागत नाही. फक्त एक अट घातली. तोंडी, लेखी, फोनवर, कुठेही टँकर म्हणायचं नाही.

अम्माने शेजारच्या तीन घरांत सांगितलं की आमच्या बिंदूमुळे एका गावाला पाणी मिळणार आहे. यात काहीच खोटं नाही.

उगादी

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी उद्घाटन थाटात झालं. मांडवाला आंब्याची तोरणं, सगळ्यांना द्रोणातून कडू-गोड उगादी पच्चडी, सरपंचांच्या हस्ते पहिला पेला. बॅनरवर मोठ्या अक्षरात "निर्विनची माया, गावाला छाया". हे माझं नाही, पेंटरचं आहे. मी इंग्रजीत दिलं होतं.

एक गोंधळ झाला. चलिवेंद्रमवर माणूस पेलाभर पाणी पितो, डोक्यावरून हात फिरवतो आणि पुढे जातो. इथे अख्खं गाव घागरी, हंडे, प्लास्टिकच्या बादल्या घेऊन रांगेत उभं. रंगनायकुलु गारूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अम्मा (ते मला असंच म्हणतात), हे तर अगदी त्याच्यासारखं दिसतंय. टँकर शब्द त्यांनी उच्चारला नाही. शिस्तीचा माणूस आहे.

मी फोटोग्राफरला फक्त पेल्यांचे फोटो काढायला सांगितलं. घागरींचे जे आधीच काढून झाले होते त्यांच्याखाली ओळ दिली, "भाविक तीर्थ घरी नेताना." दोन पेपरांनी जशीच्या तशी छापली.

सुगुणा टीचर सगळ्यात शेवटी आल्या. अंगणवाडीसाठी दोन मोठी पिंपं भरून घेतली. मला लेकीसारखं म्हणाल्या, "तल्ली, नाव काहीही ठेवा. पाणी थांबवू नका."

मी म्हटलं, नाही थांबणार. मला खरंच तसं वाटत होतं.

१६ एप्रिल

टीचरांचा फोन आला. मुलांची पुरळ गेली म्हणे. दोन आठवडे चांगल्या पाण्यात भात शिजला, हात धुतले, आणि सगळ्यांचे हात साफ. मी लगेच कॅमेरामनला घेऊन गेले. मुलं ओळीने हात पुढे करून उभी राहिली, टीचर अगदी मोकळेपणाने बोलल्या, मला तर रडू आलं. एवढं सुंदर काही मी आजवर केलेलं नाही.

सरांनी एकदा बघितलं आणि पुसून टाकायला सांगितलं. मी का विचारलं.

"आपल्या पाण्याने पुरळ गेली," सर म्हणाले, "तर ती आली कशाने?"

या बाजूने मी विचारच केला नव्हता. पुसून टाकलं. सरांकडून रोज काहीतरी शिकायला मिळतं.

४ मे

आता एका सिमेंट कंपनीला चलिवेंद्रम हवंय, एका रंगाच्या कारखान्यालाही. ऑफिसात याला "बिंदू पद्धत" म्हणतात. घरी सांगितलं तर अम्माने गोडाचं पायसम केलं.

नान्ना पेपरातली बातमी बराच वेळ वाचत होते. त्यांच्या लहानपणी नलगोंड्याला त्यांची आजी चलिवेंद्रम चालवायची, ताकात आलं-मीठ घालून द्यायची. ते सांगून झाल्यावर म्हणाले, "चलिवेंद्रम वाटसरूंसाठी असतं, बिंदू. ही माणसं तर त्याच गावची आहेत. स्वतःच्या गावात माणूस वाटसरू कधी होतो?"

मी म्हटलं, नान्ना, तुम्ही शब्दात पकडता. ते म्हणाले, हो, तुझ्याकडूनच शिकतोय.

"स्वतःच्या गावात वाटसरू" ही ओळ मात्र चांगली आहे. पर्यटनवाला एखादा क्लायंट आला तर वापरता येईल.

८ जून

आज मृगशिर कार्ती, मृग नक्षत्र लागलं, म्हणून घरोघरी मासे. अम्माने कोरमीन माशाचं आंबट पुलुसू केलं होतं. पहिला घास घेतला आणि रंगनायकुलु गारूंचा फोन. उद्या चलिवेंद्रम उठवतोय, निरोपाची प्रेस नोट पाठवा.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बोअरला अजून पिवळंच पाणी येतंय ना, मी विचारलं. येतंय, ते म्हणाले. अहवाल आला का? नाही आला. मग?

"मृग लागला, अम्मा. चलिवेंद्रम मृगापर्यंतच असतं. वकील म्हणतात, मृगानंतरही चालू ठेवलं तर लोक विचारतील, का चालू ठेवलंय."

बाहेर कडक ऊन होतं. पंचांगात पाऊस आलेला होता. मासा थंड झाला.

९ जून

ऑफिसात पोचल्या पोचल्या सरांकडे गेले. हातात यादी होती, मी सकाळी उठून केलेली. आषाढात बोनालू, तेव्हा देवीला पाणी वाहता येईल. श्रावणात वरलक्ष्मी व्रत. मग गणपती, मग बतुकम्मा, कार्तिकात वनभोजनं. थोडी कल्पकता दाखवली तर पुढच्या उगादीपर्यंत सणांवर सण लावून पाणी चालू ठेवता येतं.

सरांनी यादी मनापासून वाचली. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. वकिलांना फोन लावला, स्पीकरवर. वकील म्हणाले, एकदा पाणी दिलं तर पुण्य धरतील, कायम दिलं तर जबाबदारी धरतील.

"टँकरच पाठवला असता तर तो बंद करायला कारण द्यावं लागलं असतं," सर नंतर म्हणाले. "चलिवेंद्रम आपोआप बंद होतं. म्हणूनच तर तुझी कल्पना एवढी चांगली होती."

मला वाटत होतं ती दुसऱ्या कारणाने चांगली होती.

सर वाईट नाहीत. ते म्हणतात, डॉक्टर रोग्याचं चारित्र्य बघत नाही, वकील अशिलाचं बघत नाही, मग आपणच का बघायचं? हे मी संध्याकाळी नान्नांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "यात रोगी कोण आहे? कंपनी का गाव?"

निरोपाची नोट मी लिहिली. "वरुणराजाच्या स्वागतासाठी सज्ज झालेल्या चिंतलबावीकरांनी जड अंतःकरणाने..." वगैरे. अजून कोणाच्याही अंगावर थेंब पडलेला नाही.

१२ जून

चिंतलबावी. मांडव काढलेला, बॅनर घडी करून गाडीत. माठ घरोघरी वाटून टाकले, त्याचे फोटो झाले. लोकांनी माठ घेतले. एका म्हातारीने आत हात घालून बघितला, मग उलटा करून बघितला, आणि माझ्याकडे बघून हसली.

अंगणवाडीत परत बोअरचं पाणी सुरू झालंय. तीन-चार दिवसच झालेत, पण दोघं-तिघं खाजवायला लागलेत. मी टीचरना म्हटलं, मी प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, केला असशील.

मग त्यांनी मला बसवून चहा दिला. पाणी कुठलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि मी तो प्यायले. म्हणाल्या, सोमवारी कलेक्टर ऑफिसात प्रजावाणीला, म्हणजे तक्रारींच्या सुनावणीला, अर्ज द्यायचाय. सगळं गाव सह्या करायला तयार आहे. पण लिहिणार कोण? गावातला प्रत्येकजण म्हणतो दुसऱ्याने लिहावं, कारण प्रत्येकाच्या घरचं कोणीतरी कारखान्यात कामाला आहे. अक्षर ओळखलं गेलं तर नोकरी गेली.

"तू लिही," त्या म्हणाल्या. "आमच्या पाण्याबद्दल पेपरात एवढं गोड लिहिलंस की वाचून मलाच तहान लागली."

मी सांगितलं की मी कंपनीकडून आहे, मला असं करता येणार नाही. त्यांनी मान हलवली. मग दारापाशी सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी घरीच असते मी.

१५ जून, रविवार

मी फक्त मसुदा करून देणार होते. मसुदा म्हणजे अर्ज नव्हे.

इंग्रजीत पंधरा मिनिटांत झाला. "पाण्याच्या गुणवत्तेविषयी काही रहिवाशांमध्ये व्यक्त होत असलेली चिंता" अशी सुरुवात होती. वाचून बघितलं तर ही आमच्या कंपनीचीच प्रेस नोट वाटत होती. हात त्याच वळणावर गेलाय.

पण अर्ज तेलुगूत हवा होता. आणि माझं तेलुगू म्हणजे अम्माच्या स्वयंपाकघरातलं. शाळेत तेलुगू दुसरी भाषा म्हणूनसुद्धा घेतलं नव्हतं, फ्रेंच घेतलं होतं. गुणवत्ता, चिंता व्यक्त होणे, प्राथमिक निरीक्षणे, यांना तेलुगूत काय म्हणतात हे मला माहीतच नाही. जे शब्द येत होते त्यांच्यावरच भागवावं लागलं. शेवटी हे झालं:

"आमच्या बोअरचं पाणी खराब झालंय. कारखाना यायच्या आधी चांगलं होतं. ते पाणी पिवळं आहे आणि त्याला औषधाचा वास येतो. मुलांच्या अंगावर पुरळ येते. उन्हाळ्यात कंपनीने टँकरने पाणी दिलं तेव्हा पुरळ गेली. टँकर बंद झाला, परत आली. आम्हाला पाणी द्या."

मला लाज वाटली. एकही वाक्य धड नाही, आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. टँकर हा शब्द दोनदा आलाय, कारण चलिवेंद्रमचं स्पेलिंग करताना माझा गोंधळ होत होता.

टीचरांनी वाचला आणि पदराने चष्मा पुसून परत वाचला. मी म्हटलं, कोणाकडून तरी सुधारून घ्या. त्या म्हणाल्या, कशाला?

२१ जून

अर्ज पेपरात आला. फोटो काढून, माझ्या गिचमिड अक्षरासकट, अर्ध्या पानावर. खाली गावाच्या सह्या आणि अंगठे.

सर चेन्नईचे, त्यांना तेलुगू वाचता येत नाही. त्यांनी कोणाकडून तरी इंग्रजी करून घेतलं होतं. कागद टेबलावर ठेवून त्यावर बोटाने टकटक करत राहिले. "एकही फालतू विशेषण नाही," म्हणाले. "कोणीतरी मुरलेला माणूस आहे. दिल्लीहून आणलेला असणार." मला म्हणाले, हे नीट वाच, शिकण्यासारखं आहे.

मी वाचलं.

कलेक्टरांनी कंपनीकडून खुलासा मागवलाय. कारखान्यामुळे पाणी बिघडलं हे कंपनीला मान्य असेल तर उद्यापासून कंपनीने गावाला टँकर द्यावा. मान्य नसेल तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू. म्हणजे तोच अहवाल, जो यायचाय. खुलासा तेलुगूत, तीस तारखेच्या सोमवारपर्यंत.

"तू लिहायचास," सर म्हणाले. "त्या गावाला तुझ्याइतकं ओळखणारं आपल्याकडे दुसरं कोणी नाही."

म्हणजे माझ्याच अर्जाला मीच उत्तर द्यायचं. हे नान्नांना मी सांगितलेलं नाही. ते हसले असते, आणि मग हसायचे थांबले असते.

२४ जून

इंग्रजी मसुदा तयार. अभिमानाने सांगते, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. कशालाच नाही म्हटलेलं नाही आणि कशालाच हो म्हटलेलं नाही. "भूजलातील ऋतुमानानुसार होणारे नैसर्गिक बदल" हा परिच्छेद वाचून सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. भाषांतराला पाठव म्हणाले.

आमचा भाषांतरकार मोठा हुशार आहे. ऋतुमान, भूजल, सगळं त्याला तेलुगूत येतं. मी फाइल जोडली, पाठवा या बटनावर बोट ठेवलं. तेवढ्यात टीचरांनी पाठवलेला फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. एका मुलाचा हात होता.

मी सरांना जाऊन म्हटलं, बाहेर कशाला द्यायचं, तेलुगू मीच करते. सर म्हणाले, उत्तम, घरच्या माणसाचा हात लागलेला बरा.

२६ जून

दोन दिवस मान मोडून करतेय. होत नाही. "ऋतुमानानुसार होणारे बदल" मला येतील तेवढ्या शब्दांत लिहिलं की होतं, "उन्हाळ्यात पाणी खराब असतं, हिवाळ्यात पण असतं." "निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल" याचं होतं, "आम्हाला माहीत आहे, पण आत्ता सांगायचं नाही." शब्दकोश उघडता आला असता. तो कपाटावरच आहे. खुर्ची घेतली की हात पोचतो.

शेवटी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि जे येतं ते लिहिलं. पाच ओळी झाल्या.

"पाणी खराब झालंय हे आम्हाला माहीत आहे. आमच्यामुळेच झालं असावं. उन्हाळ्यात आम्ही टँकरने पाणी देत होतो. ते बंद करायला नको होतं. उद्यापासून परत देतो."

२७ जून, शुक्रवार

खुलाशावर सही रंगनायकुलु गारूंची लागते. मी कागद घेऊन कारखान्यात गेले. वाटलं होतं ते सही करतील आणि वाचणार नाहीत. तसे ते माझ्यावर विश्वास ठेवतात. पण त्यांनी चष्मा लावला.

एकदा वाचलं. बाटलीतलं पाणी प्यायले. परत वाचलं. त्यांच्या खोलीतून अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"देवनाथन गारूंनी हे बघितलंय?"

मी म्हटलं, इंग्रजी बघितलंय.

"आणि इंग्रजीत हेच आहे?"

मी म्हटलं, इंग्रजीत जास्त आहे.

त्यांनी पेन काढलं. मला वाटलं आता रेघ मारतील. त्यांनी "उन्हाळ्यात" मधलं एक अक्षर नीट केलं, मग "असावं" वर पेन टेकवलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "आहे". खाली सही केली, शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं. सोमवारी सकाळी माणूस कलेक्टर ऑफिसात घेऊन जाईल.

"तुझं तेलुगू फार कच्चं आहे, अम्मा," म्हणाले. मग रिटायर झाल्यावर करीमनगरला राहणार, तिथे त्यांच्या घरच्या विहिरीचं पाणी किती गोड आहे, ते सांगत मला फाटकापर्यंत सोडायला आले. बाटली आत टेबलावरच राहिली होती.

येताना सरांचा मेसेज आला, खुलासा कसा झालाय? मी लिहिलं, अगदी स्पष्ट झालाय. त्यांनी अंगठा पाठवला. सर माझ्याशी आजपर्यंत चांगलंच वागलेत. हा धंदा मला त्यांनीच शिकवला, आणि सोमवारनंतर क्लायंट जाणार, कदाचित त्यांची खुर्चीही. आत्ता सांगितलं तर सर एका फोनवर ते पाकीट ट्रेमधून परत मागवू शकतात. मंगळवारी सांगितलं तर नाही.

सांगणार तर आहेच. वाचणाऱ्या, माझ्या जागी तू असतास तर सोमवारच्या आधी सांगितलं असतंस, की नंतर?